मराठवाड्यातल्या शहरात हरितपथ उभारायचा तर: सातबाऱ्यापासून झाडाच्या टँकरपर्यंत

जॉगिंग ट्रॅक आपल्याकडे भरपूर झाले. तलावाभोवती गोल, बागेभोवती गोल. सकाळी साडेपाच ते सात तिथे गर्दी असते, मग दिवसभर शुकशुकाट. हरितपथाचं काम वेगळं आहे. शाळा, बाजार, बसस्टँड, दवाखाना, एमआयडीसी अशा रोज जाव्या लागणाऱ्या ठिकाणांना तो जोडतो. वाट गाड्यांपासून वेगळी हवी, सावलीची हवी आणि दहा वर्षांच्या पोरीला एकटीने सायकलवर पाठवायला आईची ना नसावी.

हा लेख नगरपालिका-महापालिकेतल्या अभियंत्यांसाठी, नगरसेवकांसाठी आणि फाइलच्या मागे फिरणाऱ्या नागरिकांसाठी आहे. पुण्या-मुंबईचे आराखडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मराठवाड्यात अशी वाट टिकणार की नाही, हे तीन गोष्टी ठरवतात: जमिनीचा कागद, काळी माती आणि उन्हाळ्यातलं पाणी. कमान, कारंजं, सेल्फी पॉइंट यांच्यावर बैठका खूप होतात, म्हणून या लेखात त्यांना जागा नाही.

१. आधी माणसं मोजा

नकाशावर हिरवी रेघ ओढण्याआधी कोण कुठून कुठे जातं ते पाहा. लातुरात ट्यूशन एरियाकडे पोरं-पोरी दिवसभर ये-जा करतात. खोली, मेस आणि क्लास या त्रिकोणात त्यांचा दिवस जातो. छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांच्या शिफ्ट सुटतात. मानव विकास कार्यक्रमातून तालुक्यातल्या शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, पण गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर त्या चालवायला भीती वाटते. दूधवाला, भाजीवाली, वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या बाया हे सगळे पायी किंवा सायकलवर असतात आणि यांच्यापैकी कुणीही महापालिकेच्या बैठकीला येत नाही. त्यांना मोजायला तुम्हालाच जावं लागेल.

मोजणीला मोठी यंत्रणा लागत नाही. कॉलेजची पोरं, एक तक्ता आणि घड्याळ पुरतं. संभाव्य वाटेवर तीन-चार नाकी निवडा: पूल, रेल्वे फाटक, शाळेचं गेट, मंडईचा कोपरा. सकाळी ६ ते ८, शाळा सुटण्याची वेळ, संध्याकाळी ५ ते ८ अशा वेळा ठेवा. एक दिवस साधा घ्या, एक आठवडी बाजाराचा. तक्त्यात पायी पुरुष, पायी बाई, मूल, सायकल, काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारा असे रकाने पाडा. बायकांचा रकाना अंधार पडल्यावर एकदम रिकामा झाला, तर तिथे दिव्याचा किंवा वर्दळीचा प्रश्न आहे हे त्या कागदावरूनच कळतं.

मग स्वतः चाला. मे महिन्यात दुपारी दोन वाजता एकदा, रात्री आठला एकदा. संगणकावर सोपा दिसणारा पट्टा या दोन फेऱ्यांत वेगळाच निघतो.

पहिला टप्पा दीड ते तीन किलोमीटरचा ठेवा, पण दोन्ही टोकं खरीखुरी हवीत. बारा किलोमीटरच्या घोषणेतून मधलेच चारशे मीटर बांधले गेले, की ते कुठेच पोचत नाहीत आणि वर्षभरात तिथे गाड्या लागतात.

२. पट्टा कुठे सापडतो

आपल्या बहुतेक शहरांतून नदी किंवा ओढा जातो. संभाजीनगरात खाम आणि सुखना, बीडच्या मधोमध बिंदुसरा, जुना जालना आणि नवीन जालना यांच्यामध्ये कुंडलिका, हिंगोलीजवळ कयाधू, नांदेडला गोदावरी. सलग जागा मिळण्याची शक्यता इथेच सर्वात जास्त. खामच्या काठी पालिका, छावणी परिषद आणि नागरिक यांनी एकत्र येऊन केलेलं स्वच्छतेचं आणि काठ सावरण्याचं काम जाऊन पाहण्यासारखं आहे. नदीकाठ घाण असताना तिथे वाट काढता येत नाही. आधी सांडपाण्याची तोंडं बंद करावी लागतात, कचरा टाकणाऱ्याला दुसरी सोय द्यावी लागते.

दुसरा पर्याय कालव्याचा. जायकवाडीच्या डाव्या कालव्यासारख्या मोठ्या कालव्यांना काठाने सेवापथ असतो. शहराला लागून असलेला तुकडा वापरता आला तर जमीन घ्यावीच लागत नाही. मात्र मालकी जलसंपदा विभागाची आणि परवानगी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडून. त्यांचं यंत्र गाळ काढायला, दुरुस्तीला तिथून जाणार हे मान्य करूनच आराखडा करा. जेसीबीला वाट राहिली नाही, तर पुढच्या आवर्तनाच्या (कालव्याला पाणी सोडण्याच्या) वेळी तुमचेच दिवे उखडले जातील.

शहराच्या कडेला जुने पाणंद रस्ते आणि शिवरस्ते असतात. गावं शहरात आली, एनए (बिगरशेती) लेआउट पडले आणि हे रस्ते नकाशावर राहिले, जमिनीवर मात्र गायब झाले. लातूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज होती. गेज बदलताना मार्ग सरकला की मागे लांबट रिकामी पट्टी उरते आणि ती रेल्वेचीच राहते. अशी पट्टी दिसली तर पालिकेने लेखी विचारणा करावी, गृहीत धरू नये.

३. कागद: इथे घाई करू नका

मराठवाड्यातल्या जमिनीचा इतिहास निजामाच्या राजवटीतून आला आहे आणि तो आजही टेंडर अडवतो. फक्त आजचा सातबारा किंवा आखीव पत्रिका पाहून पुढे जाऊ नका. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, सेतवार (जुनी सर्व्हे नंबरवार नोंद) आणि गाव नकाशा काढा. इनामी जमीन आहे का, वर्ग-२ (परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, वक्फची नोंद आहे का, गायरान आहे का, हे तिथे दिसतं. मदतमाश, खिदमतमाश असे इनामाचे शब्द सातबाऱ्याच्या इतर हक्कात दिसले तर विधी अधिकाऱ्याचं लेखी मत घेतल्याशिवाय मुरमाची एक पाटीही टाकू नका.

क्रम साधारण असा ठेवा.

संपूर्ण लांबीचे गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर एका तक्त्यात भरा. प्रत्येकापुढे मालक, क्षेत्र, विकास आराखड्यातला वापर, पूररेषेतली जागा आणि वाद असल्यास तो. हा तक्ता पुढे प्रत्येक बैठकीत उघडावा लागतो, म्हणून नीट करा.

त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचे पैसे भरा. दिवाळीनंतर अर्ज गेला तर मोजणी कोरड्या दिवसांत होते. पिकं उभी असताना किंवा चिखलात मोजणीदार येऊन परत जातो आणि दोन महिने वाया जातात. मोजणी झाली की त्याच दिवशी हद्दीचे दगड रोवा, फोटो काढा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात धुऊन जाते.

मग विकास आराखडा. पट्टा हरित पट्टा, बाग किंवा रस्ता म्हणून आधीच दाखवलेला असेल तर सोपं. नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतो: सर्वसाधारण सभेचा ठराव, जाहीर सूचना, हरकतींना एक महिना, सुनावणी आणि शासनाची मंजुरी. खासगी तुकडा लागतच असेल तर कलम १२६ चे मार्ग आहेत: वाटाघाटी, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा भूसंपादन. लहान शहरांत टीडीआरला भाव नसतो, मालक रोख मागतो. हे आधीच धरून चला. बहुतेक वेळा दोन-चार मीटर वळसा घेऊन सरकारी जागेतून जाणं संपादनापेक्षा स्वस्त आणि लवकर होतं.

झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांपुढच्या झाडांना विशेष संरक्षण आहे. पण वाटेत आलेली जुनी चिंच किंवा वड ही अडचण कशी? वाट तिच्याभोवती वळवा. चौथरा बांधून बुंधा मात्र बुजवू नका. किमान एक मीटर माती मोकळी ठेवा.

४. पूररेषा

नदीकाठच्या वाटेचं सगळं डिझाइन दोन रेषांवर ठरतं. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जलसंपदा विभागाकडून दोन्ही नकाशावर मागून घ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नकोच. मातीची, मुरमाची वाट आणि गवत चालेल. काँक्रीटचा काठ, संरक्षक भिंत, शौचालय, कॅफे यांपैकी काहीही तिथे बसवलं तर नदीचं पात्र अरुंद होतं, प्रकरण हरित लवादात जाण्याचा धोका राहतो आणि पुराचं पाणी समोरच्या वस्तीत घुसतं.

रेषा काढलेल्या नसतील, आणि छोट्या शहरांत बहुधा नसतात, तर काठावरच्या घरांत जाऊन भिंतीवरच्या खुणा विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे पाणी आलं त्याची आठवण ताजी आहे. ‘इथवर होतं बघा’ म्हणून लोक बोट ठेवतील, त्या जागेची पातळी लेव्हल मशीनने घ्या. परतीचा पाऊस आपल्याकडे वर्षभराची कसर एका रात्रीत काढतो, त्यामुळे कोरड्या ठणठणीत पात्राकडे पाहून अंदाज बांधू नका.

पुराच्या पट्ट्यात आडवं काहीही ठेवायचं नाही. रेलिंगमध्ये जलपर्णी आणि वेड्या बाभळीचे फाटे अडकतात, रेलिंगचा बांध होतो आणि शेवटी रेलिंगच वाहून जातं. दिव्यांच्या विजेच्या पेट्या (फीडर पिलर), केबल जॉइंट, पंप हे सगळं लाल रेषेच्या वर. पुलाखालून वाट नेत असाल तर डोक्यावर किमान अडीच मीटर उंची मिळते का पाहा आणि पूर आल्यावर बंद करायला दोन्हीकडे साखळी व पर्यायी वरचा रस्ता ठेवा.

५. काठावरची माणसं

नाल्याकाठी घरं असतात. काही तीस-चाळीस वर्षांची. जेसीबी लावून सुरुवात केली तर न्यायालयाची स्थगिती येते आणि ती नाही आली तरी पुढे त्या वस्तीतलं कुणी तुमच्या वाटेची राखण करत नाही. आधी सर्वेक्षण, कागद तपासणी, पुराच्या धोक्यातल्या घरांना घरकुल योजनेतून दुसरी जागा, आणि धोक्यात नसलेली घरं शक्यतो तशीच ठेवून वाट त्यांच्या दारासमोरून. दारासमोरची वाट सर्वात सुरक्षित असते; संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या बायांइतकी चांगली गस्त कुठली एजन्सी देत नाही.

बैठक वॉर्डातच घ्या, मंगल कार्यालयात नव्हे तर मारुतीच्या पारावर किंवा समाजमंदिरात. वेळ रात्री आठनंतरची, म्हणजे मजुरीवरची माणसं येतील. बायांशी बोलायचं तर अंगणवाडीत दुपारी, बचत गटाच्या बैठकीला जोडून. हातगाडीवाल्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची जागा नकाशावरच आखून द्या. वाटेच्या तोंडाशी चहाची गाडी आणि रसवंती हवीच, तिथे माणूस थांबतो.

६. रुंदी आणि चौक

भारतीय रस्ते महासभेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) पादचारी सुविधांच्या मार्गदर्शकानुसार (आयआरसी १०३) पायी चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते. मोकळी म्हणजे त्यात खांब, विजेची डीपी, कुंडी, टपरी यांपैकी काही नाही. दोन्ही दिशांच्या सायकलींना मी तीन मीटर धरतो. मध्ये एक मीटर गवत-झुडपांची पट्टी, दोन्ही कडांना दीड-दीड मीटर झाडांची. असे नऊ मीटर जवळपास होतात. एवढी जागा कुणाला मिळते? मिळाली नाही तर कडेची एक झाडांची ओळ आणि तीन मीटरची सामायिक वाट, जिथे सायकलवाल्याने सावकाश जायचं. दोन मीटरवर मात्र सायकलचं चित्र रंगवून लोकांना फसवू नका.

चढ १:२० पेक्षा जास्त नको. रॅम्प लागलाच तर १:१२ आणि मध्ये सपाट टप्पा.

हरितपथ मोडतो तो चौकात. वाट छान चालत येते आणि मोठ्या रस्त्याला भेटली की समोर दुभाजक, खाली नाली, वर ट्रॅव्हल्सची गाडी. प्रत्येक छेदाचा स्वतंत्र नकाशा करा. आतल्या रस्त्यांवर टेबल टॉप क्रॉसिंग: वाटेची पातळी तशीच पलीकडे जाते, गाडीला वर चढून उतरावं लागतं, म्हणून ती सावकाश होते. राज्य किंवा राष्ट्रीय महामार्ग ओलांडायचा असेल तर संबंधित विभागाची लेखी परवानगी आणि सिग्नल मिळेपर्यंत वाट तिथवर नेऊच नका.

दुचाकी अडवायचा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. बोलार्ड (आडवे येणारे बुटके खांब) इतके जवळ लावले की मोटारसायकल जाणार नाही, तर चाकाची खुर्ची आणि दूधवाल्याची कॅन लावलेली सायकलही जाणार नाही. मोकळी फट १.२ मीटर ठेवा, रिक्षा आणि चारचाकी अडतील. दुचाकीला पहिले सहा महिने माणूस उभा करूनच सवय लावावी लागते. त्याचा पगार एस्टिमेटमध्ये धरा.

७. काळी माती

एप्रिलमध्ये काळ्या रानात उभं राहून भेगेत हात घाला. मनगटापर्यंत सहज जातो. हीच माती जुलैत फुगते. वर टाकलेला पेव्हर ब्लॉक उन्हाळ्यात खचतो, पावसाळ्यात उचलला जातो आणि दोन वर्षांत वाटेच्या लाटा होतात. मग सायकलवाला परत डांबरी रस्त्यावर जातो. आपल्याकडच्या अर्ध्या सायकल ट्रॅकचं मरण इथेच आहे, आणि तरी दर वेळी एस्टिमेटमध्ये पेव्हरच येतात, कारण ते बसवायला सोपे आणि मोजायलाही सोपे.

दर २०० मीटरवर खड्डा घेऊन माती तपासा. मुक्त फुगवटा चाचणी शासकीय तंत्रनिकेतनातही होते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम, १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी मातीची उंची वाचा. रॉकेलमध्ये १२ मिली आणि पाण्यात २१ मिली असेल तर फुगवटा (२१ − १२) ÷ १२, म्हणजे ७५ टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेलेली माती रस्त्याच्या भरावात चालत नाही.

अशा मातीवर मी पुढील थर सुचवतो. ६० सेंटिमीटर खोदा, सायकलच्या तीन मीटर पट्टीसाठी चार मीटर रुंद. त्यात १५ सेंटिमीटरचे तीन थर कठीण मुरूम, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. वर १५ सेंटिमीटर जीएसबी (खडी-मुरमाचा दाणेदार पायाथर), त्यावर १५ सेंटिमीटर एम-२५ प्रतीचं काँक्रीट. एकूण ७५, म्हणजे वाट जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर राहते आणि पाणी साचत नाही. एका बाजूला दोन टक्के उतार द्या.

एका किलोमीटरला हिशेब असा होतो: खोदाई २,४०० घनमीटर, दबलेला मुरूम १,८०० घनमीटर, जीएसबी ६००, काँक्रीट ४५०. मुरमाची रॉयल्टी भरलेली आणि वाहतूक पास तपासलेले हवेत, नाहीतर गौण खनिजाचा दंड शेवटी पालिकेच्या फाइलीत येऊन बसतो. निघालेली काळी माती हायवा भरून कुठेतरी नाल्यात ओतली जाते. तसं होऊ देऊ नका. झाडांच्या पट्टीला तीच माती सोनं आहे, आणि उरलेली न्यायला शेतकरी स्वतः ट्रॅक्टर घेऊन येतात.

वेळापत्रकात एक युक्ती. फेब्रुवारी ते मे खोदाई आणि मुरूम उरकून घ्या, मग पावसाळाभर ती मुरमाची वाट तशीच लोकांना चालायला द्या. जिथे बसायचं तिथे ती बसेल, पाणी कुठे तुंबतं ते दिसेल, लोक कुठून आडवे जातात त्या पायवाटाही उमटतील. ऑक्टोबरमध्ये खड्डे भरून काँक्रीट टाका. ठेकेदार कुरकुर करेल, कारण त्याला बिल मार्चएंडला हवं असतं. म्हणून टेंडरमध्येच दोन टप्पे लिहा.

काँक्रीटला दर तीन-साडेतीन मीटरवर सांधा कापायचा, तोही टाकल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत. उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने तडकतं. पृष्ठभागावर आडवा झाडू फिरवून खरखरीतपणा आणा; गुळगुळीत लादी पहिल्या पावसात लोकांना पाडते. क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, भिजलेलं गोणपाट, किमान चौदा दिवस. टँकर नाही म्हणून चार दिवसांत क्युरिंग संपवल्याची उदाहरणं तुम्हालाही आठवतील.

पायी चालण्याची पट्टी काँक्रीटची करू नका. दाबलेला मुरूम आणि वर क्रशर डस्ट गुडघ्यांना बरी, उन्हात कमी तापणारी आणि दुरुस्तीला स्वस्त. कडेला दगड बसवा, नाहीतर डस्ट गवतात पसरते.

८. झाडं आणि त्यांचं पाणी

मराठवाड्यात झाड लावणं सोपं, फेब्रुवारी ते जून जगवणं अवघड. म्हणून यादीच्या आधी पाण्याचा हिशेब करा. किलोमीटरभर वाट, दोन्ही कडांना सहा मीटरवर झाड, म्हणजे सुमारे ३३४ झाडं. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा २० लिटर धरलं तर आठवड्याला १३,३६० लिटर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मध्य जूनपर्यंत, अठरा आठवड्यांत जवळपास २ लाख ४० हजार लिटर: दहा हजार लिटरचे चोवीस टँकर. असे तीन उन्हाळे काढावे लागतात. हा आकडा एस्टिमेटमध्ये नसेल तर वृक्षारोपणाचा फोटो काढू नका.

पाणी कुठून? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तशा वर्षी पिण्याच्या पाण्याचा टँकर झाडांना गेला तर लोक ओरडतील, आणि बरोबरच ओरडतील. सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू असेल तर त्याचं पाणी, नसेल तर जुन्या आड-बारवांचं पाणी, आणि प्रत्येक झाडाला मातीचा मटका किंवा ठिबक. आळ्यात सोयाबीनचं कुटार किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरलं की पाण्याची पाळी लांबते. गुरं मोकाट असतील तर कुटार खायला येतात, तिथे बारीक केलेली पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) वापरा.

खड्डे एप्रिल-मेमध्येच घ्या, मीटरभर लांब-रुंद-खोल, उन्हात तापू द्या. दोन चांगले पाऊस झाल्यावर लागवड. रोप सहा फुटांच्या पुढचं, कारण कंबरेएवढं रोप शेळी एका घासात संपवते. ट्री गार्ड लोखंडी लावले तर चोरीला जातात, बांबूचे लावा.

कुठलं झाड? कडुनिंब, करंज, शिरीष, चिंच हे सावलीचे भरवशाचे गडी. नदीकाठी ओल असते तिथे अर्जुन, जांभूळ, उंबर. मध्ये मध्ये बहावा, पळस, काटेसावर, पांगारा. चैत्रात वाट देखणी होते. वड-पिंपळ वाटेपासून लांब, विसाव्याच्या जागी. गुलमोहराच्या फांद्या वादळात तुटतात, सुबाभूळ पसरतं, कोनोकार्पस झटपट वाढतं म्हणून नर्सरीवाले गळ्यात मारतात, तिन्ही टाळा. वेडी बाभूळ काढायची तर मुळापासून आणि सलग दोन-तीन वर्षं, नुसती छाटली तर दुप्पट फुटते.

ओळ कुठल्या अंगाला लावायची यावर सावली ठरते. वाट उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेची ओळ आधी, पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेची. एकच ओळ परवडत असेल तर ती चुकीच्या बाजूला लावून सावली शेजारच्या कंपाउंडवर पाडू नका. मोठं झाड काँक्रीटच्या कडेपासून दीड-दोन मीटर दूर राहू द्या. काळ्या मातीतलं पाणी मुळं शोषतात आणि स्लॅब खचतो.

९. दिवे, बाक, दिसणं

चार-पाच मीटर उंचीचे दिवे, १५ ते २० मीटरवर, झाडाच्या फांदीखाली उजेड पडेल असे. हायमास्टने झाडांच्या वर झगमगाट होतो आणि खाली काळोख. झुडपं मांडीच्या वर वाढू देऊ नका, फांद्या अडीच मीटरपर्यंत छाटा, दर अडीचशे मीटरवर रस्त्याकडे निघणारी वाट ठेवा. सलग उंच भिंत बायकांना नको असते, जाळी चालते. बाक दीडशे-दोनशे मीटरवर, सावलीत, टेकायला पाठ असलेले. पिण्याच्या पाण्याचा रांजण. शौचालय वाटेच्या तोंडाशी, जिथे माणसं असतात तिथे.

१०. पैसा आणि टेंडर

एका योजनेतून सगळं होत नाही. तलाव आणि बागेचा भाग अमृत २.० मधून, रस्त्याचा भाग नगरोत्थान किंवा जिल्हा नियोजन समितीतून, झाडं आणि जलसंधारण माझी वसुंधरा अभियानाच्या कामांत बसवता येतं. जवळ एमआयडीसी असेल तर कंपन्यांचा सीएसआर निधी. सीएसआरवाल्यांना नावाची पाटी लावायची असते. लावू द्या, पण त्याबदल्यात पाच वर्षांची देखभाल मागा.

टेंडर अंदाजित रकमेपेक्षा २५-३० टक्के कमी दराने (बिलो) गेलं की आनंद मानू नका. तो पैसा मुरमाच्या थरातून आणि क्युरिंगमधून वसूल होतो. अतिरिक्त सुरक्षा ठेव घ्या, प्रत्येक थराची जाडी आणि घनता मोजून मगच मोजमाप पुस्तिकेत नोंद करा, थर झाकण्याआधी टेप लावलेला फोटो. दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, तीन वर्षं ठेवा आणि त्यात जगलेल्या झाडांची टक्केवारी लिहा: मेलेलं झाड त्याच जातीचं, त्याच उंचीचं, ठेकेदाराच्या खर्चाने.

११. उद्घाटनानंतर

अंदाजपत्रकात या वाटेसाठी वेगळं लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) उघडा. ‘उद्यान देखभाल’ या मोठ्या पिशवीत तिचे पैसे टाकले तर मोठी बाग ते खाऊन टाकते. रोजची झाडलोट आणि झाडांचं पाणी स्थानिक बचत गटाला किलोमीटरच्या हिशेबाने द्या. काठावरच्याच बाया असतील तर कचरा टाकणाऱ्याला नावानिशी हाक मारतात.

वर्षातून दोन तपासण्या. मेअखेर: नाल्यांतला गाळ, पुलाखालचा कचरा, वाळक्या फांद्या, दिव्यांचे उघडे जॉइंट. ऑक्टोबरमध्ये: खचलेले स्लॅब, वाहून गेलेली डस्ट, उघडी पडलेली मुळं, मेलेली झाडं. सापडलेलं दिवाळीच्या आत दुरुस्त करा.

आणि पहिल्या दिवशीचा मोजणीचा तक्ता जपून ठेवा. वर्षाने त्याच नाक्यांवर, त्याच वेळांना, पुन्हा मोजा. सकाळचे फिरायला येणारे वाढले पण शाळेच्या वेळच्या सायकली आणि अंधार पडल्यावरच्या बाया वाढल्या नाहीत, तर दुसऱ्या टप्प्याचं टेंडर थांबवा आणि पहिला टप्पा कुठे तुटतो ते शोधा. बहुधा एखादा चौक निघतो, नाहीतर बंद पडलेले तीन-चार दिवे.